अण्णांचा पोळा, समुद्रसपाटीखाली

पोळ्याच्या दिवशी दावणीची बैलं सोडून जो परगावी जातो, त्याच्या घरात सोयरीक करू नये, असं अण्णांचं जुनं मत. ते त्यांनी पंचक्रोशीत इतक्यांदा ऐकवलेलं की २०२४च्या ऑगस्टात ते स्वतःच नेदरलँड्सला निघाले, तेव्हा कडवंचीपासून बदनापूरपर्यंत जो भेटेल तो एवढंच विचारायचा, "अण्णा, मग आता नातवाच्या सोयरिकीचं कसं?"

सगळा घोळ तिकिटांचा. ताईने तिकडे बसून तिकिटं काढली, स्वस्त बघून काढली, आणि स्वस्त तिकिटाला पंचांग नसतं. "यंदा गणपती माझ्याकडे," असं तिने मायला सांगितलं. गणपती ७ सप्टेंबरला होते. मायने मान डोलावली. गणपतीच्या आधी पोळा येतो आणि यंदा तो २ सप्टेंबरला, सोमवारी येतोय, हे अण्णांच्या ध्यानात आलं ते व्हिसा हातात पडल्यावर. "रद्द कर," ते म्हणाले. मी तिकिटांची रक्कम सांगितली. ती परत मिळत नाही हेही सांगितलं. अण्णा तंबाखू मळत बराच वेळ बसून राहिले. शेतकऱ्याच्या मनात धर्म आणि खर्च यांची जुंपली की धर्मच हरतो असं काही नाही. पण खर्च परत न मिळणारा असला की धर्म तडजोडीला बसतो. तडजोड अशी निघाली की अण्णा पोळ्याला घरी थांबू शकत नसतील, तर पोळ्याने अण्णांबरोबर यावं.

व्हिसाचीही एक गंमत झाली होती. हा माणूस तिकडेच राहणार नाही, परत येईल, याचा पुरावा मागतात. मी सातबारा, बँकेचं पासबुक, माझ्या दुकानाचा बियाणे विक्रीचा परवाना अशी चळत तयार केली. अण्णा म्हणाले, "त्यात सोन्या-मोऱ्याचा फोटो लाव. त्यांच्यापायी मी येणारच." बैलांचा फोटो मी लावला नाही. खिडकीमागच्या माणसाने सातबारा दोन्ही बाजूंनी निरखून पाहिला. त्याला त्यातलं काय उमगलं देव जाणे. आमच्या 'इतर हक्कां'तल्या नोंदी आम्हालाच अजून उमगलेल्या नाहीत.

सामानात मायने बदनापूरच्या कडधान्य संशोधन केंद्राच्या वाणाची तूरडाळ घेतली, कारण कोणत्या वाणाची तूर आहे हे कळल्याशिवाय अण्णांना वरण गिळत नाही. पुरणाला हरभरा डाळ, गूळ, वेलदोडा, जायफळ. अण्णांचं गाठोडं वेगळं : कुंभाराकडची मातीची बैलजोडी, जुन्या धोतरात गुंडाळलेली, रंगीत गोंडे, मोरक्या, बेगड, हिंगूळ, घुंगरमाळ, नवाकोरा कासरा आणि चाबूक.

जालन्याहून पहाटे पाचच्या सुमारास वंदे भारत सुटायची, ती आम्ही धरली. आदल्या डिसेंबरातच ती सुरू झालेली, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांनी ती स्टेशनात उभी असतानाच पाहिलेली. अण्णांनी खुर्चीचा कळदाब शोधून काढला आणि दादरपर्यंत ते मागेपुढे होत राहिले. मागच्या प्रवाशाने मनमाडला जागा बदलली.

विमानतळाच्या तपासणीत अण्णांना पट्टा काढायला सांगितलं. त्यांनी धोतराकडे बोट दाखवून "हे सुटलं तर सगळंच सुटंल" असं बजावलं. गाठोडं यंत्रातून गेलं आणि पडद्यावर घुंगरमाळ उमटली, तशी तिथे गर्दी जमली. त्या गर्दीत एक जवान आपल्याकडचा निघाला. "पोळ्याचं आहे, जाऊ द्या," तो म्हणाला. गोंडे सुटले, कासरा सुटला, घुंगरमाळ एकदा वाजवून पाहून सुटली. चाबूक मात्र त्यानेच काढून ठेवला. "अण्णा, विमानाला हाणायचं नसतं."

*

अण्णांचा एक प्रश्न आहे. ते कुठेही गेले, पंढरपूरला गेले, लेकीच्या सासरी गेले, कोणाच्या तेराव्याला गेले, तरी हातपाय धुऊन झाले की विचारतात, "पाणी किती फुटांवर हाय?" ज्या शिवारात बोअर सातशे फूट खाली जाऊन नुसता फुफाटा वर येतो, तिथल्या माणसाची ही चौकशीची रीत आहे. तब्येत, पोरंबाळं वगैरे नंतर.

स्किपोल विमानतळावर दाजी घ्यायला आले होते. पाया पडून झाल्याबरोबर अण्णांनी प्रश्न टाकला. दाजींनी सांगितलं की आपण उभे आहोत ही जागाच समुद्राच्या पातळीपेक्षा तीन मीटरहून अधिक खाली आहे. इथे हारलेममेर नावाचं अवाढव्य सरोवर होतं. १८५२पर्यंत वाफेच्या पंपांनी ते सगळं उपसून काढलं, आणि त्या तळावर हा विमानतळ आहे.

अण्णांनी खाली फरशीकडे पाहिलं, मग वर छताकडे. "म्हंजी आपण आत्ता बोअरमधी उतरलोय?"

"तसंच म्हणा."

"अन् पाणी?"

"पाणी लागत नाही इथे, अण्णा. आपोआप येतं. काढून टाकावं लागतं."

"कुठं टाकतेत?"

"समुद्रात."

अण्णा गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत. मग मायला हळूच म्हणाले, "जावई बरा हाय आपला, पण थापा मारतो."

ताई राहते ॲमस्टलवेनला. तिथे आपली माणसं इतकी आहेत की संध्याकाळी बागेत चक्कर मारली तर कोथरूडात आल्याचा भास होतो. म्हणजे मराठी ऐकू येतं, पण आपल्या जालन्याचं कोणी भेटत नाही. घरासमोर कालवा, त्यात बदकं. अण्णा रोज सकाळी त्या कालव्याच्या काठी जाऊन उभे राहायचे. काही करायचे नाहीत, नुसते पाण्याकडे बघायचे. पाणी फुकट वाहून चाललेलं बघवत नाही, असं ते सांगायचे. पण बघायला रोज जायचे.

डच माणसांचं एकेक ऐकून होतो, प्रत्यक्ष पाहिलं ते ताईच्या शेजारच्या आजींच्या वाढदिवसाला. सगळे पाहुणे खुर्च्यांचं कडं करून बसलेले. नवा पाहुणा आला की तो आजींचं अभिनंदन करतो, ते ठीक. पण मग कडंभर फिरून प्रत्येकाचं अभिनंदन करतो. आजींच्या मुलाचं, सुनेचं, शेजाऱ्यांचं. एका उंचनिंच गृहस्थाने अण्णांचा हात धरून जोरात हलवला आणि आजींच्या वाढदिवसाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. अण्णा गोंधळून म्हणाले, "आरं, मी काय केलंय?" तरी पुढच्या पाहुण्यापासून त्यांनी ते मानाने स्वीकारायला सुरुवात केली.

मग कॉफी आली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरला, प्रत्येकाने एकेक घेतलं, आणि आजींनी झाकण लावून डबा कपाटात ठेवून दिला. माय पांढरीफटक पडली. आयुष्यात तिने पाहुण्यासमोर डबा बंद केलेला नाही. "अगं, तिची परिस्थिती बरी न्हाई का?" तिने ताईला विचारलं. आजींच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या.

एवढ्यात अण्णा संडासला जाऊन आले ते डोळे मोठे करूनच. "यांचं कालनिर्णय तिथं आत टांगलंय." दाजींनी खुलासा केला : वाढदिवसांची दिनदर्शिका इथे घरोघरी संडासातच असते. रोज निवांत बसून नजर जाते, कोणाचा वाढदिवस विसरत नाही. अण्णांनी यावर विचार केला आणि त्यांना ते पटलं. पटलेली गोष्ट आचरणात आणायचा त्यांचा स्वभाव आहे. सूटकेसमधलं आमचं कालनिर्णय काढून ते खिळा शोधू लागले, तेव्हा मायने एकादशी, चतुर्थी आणि पितृपक्ष अशी तीनच नावं घेतली. कालनिर्णय स्वयंपाकघरात लागलं.

मायने आजींना पोळ्याचं जेवायला बोलावलं. आजींनी पर्समधून डायरी काढली, पानं उलटली आणि फार खेदाने सांगितलं की सोमवार मोकळा नाही, पण सतराव्या दिवशी दुपारी दोन ते चार चालेल. ताईने समजावलं की हा सण अमावस्येचा आहे, अमावस्या पुढे ढकलता येत नाही. आजींनी तरी त्यांच्या डायरीत काहीतरी लिहून घेतलं. घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "आपण बैलाला आदल्या सांजच्याला आवतण देतो. त्यानं कधी डायरी काढली?"

*

मी जालन्याच्या मोंढ्यात बियाण्याचं दुकान चालवतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये जालन्यात महिको सुरू केली, १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज आमच्याकडे दगड मारला तर तो बियाण्याच्या कंपनीवर नाही तर सळईच्या कारखान्यावर पडतो. 'जालना, सोने का पालना' ही म्हण लहानपणापासून ऐकलेली. त्यामुळे उत्तर हॉलंडमधल्या एन्खाउझनला जायचं हा माझा हट्ट. जगातल्या कितीतरी भाज्यांचं बियाणं या टापूत तयार होतं. 'सीड व्हॅली' म्हणतात त्याला. तिथल्या संकरित टोमॅटोचं काही बियाणं वजनाला सोन्यापेक्षा महाग पडतं. ते ऐकून मला आमचा पाळणा जरा लहान वाटला.

गाव मात्र बंदरावरचं, शांत, नीटस. मला वाटलं होतं की मोंढ्यासारखी गर्दी असेल, हमाल असतील, उधारीची भांडणं असतील. एका कंपनीच्या फाटकाबाहेर आम्ही उभे राहिलो. अण्णांना ती कंपनी बियाण्याची आहे एवढं कळलं आणि त्यांच्या आतली अनेक वर्षांची कैफियत जागी झाली. फाटकावरच्या माणसाला त्यांनी उगवणशक्ती, दुबार पेरणी, पिशवीवरची तारीख आणि मिरगाने दिलेली हूल, असं सगळं शुद्ध मराठवाडी बोलीत ऐकवलं. त्याने मध्ये एकदाही न तोडता ते ऐकून घेतलं आणि शेवटी एक रंगीत माहितीपत्रक हातात दिलं. मला मोठं समाधान वाटलं. दुकानात मीही हेच करतो.

तिथून आम्ही ऑफ्सलाउटडाइक पाहायला गेलो. हा एक बांध आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सरोवर, मध्ये सरळसोट बत्तीस किलोमीटरचा बांध आणि त्यावरून मोटाररस्ता. जालन्यात सुरू केला तर अंबड ओलांडून पुढे जाईल. १९३२मध्ये तो पुरा झाला आणि समुद्राचा आत घुसलेला हात कोंडला गेला. कोंडलेलं खारं पाणी नद्यांच्या पाण्याने हळूहळू गोडं झालं.

अण्णा गाडीतून उतरले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "केवढा बांध ह्यो. अन् कोणी कोरला न्हाई?"

"नाही, अण्णा."

"भावकीत वाटणी झाली नसंल."

मग त्यांनी जोडे काढले. मी नको नको म्हणत असताना ते दगडांवरून खाली उतरले, समुद्राच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "खारं." वर आले, रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला उतरले, तिथेही बोट बुडवलं. या खेपेला ओंजळ भरून प्यायले. "गोड हाय."

२०१२-१३च्या दुष्काळात अण्णांची मोसंबीची बाग गेली. टँकरचं पाणी विकत आणून झाडांच्या बुंध्याशी बादलीबादलीने ओतलं होतं. माय आणि मी रात्री बॅटरी घेऊन फिरायचो. एप्रिलमध्ये अण्णांनी कुऱ्हाड मागितली. जिल्ह्यात तेव्हा अशा किती बागा तुटल्या हे लिहीत बसलो तर हे प्रवासवर्णन राहायचं नाही. पुढे कडवंचीच्या लोकांची शेततळी बघून अण्णांनीही एक खोदलं, प्लॅस्टिक अंथरलं, आणि त्याच्यावर ते पोटच्या पोरापेक्षा जास्त लक्ष ठेवतात. पोटचा पोर मीच असल्यामुळे हे मला नक्की माहीत आहे.

त्या बांधावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती वर्सं लागली?" दाजी म्हणाले, मुख्य काम पाच वर्षांत. अण्णांनी आमच्या गावच्या पाझर तलावाची भिंत किती वर्षं चालू आहे ते बोटांवर मोजलं. बोटं संपली तेव्हा त्यांनी दाजींचा हात मोजायला घेतला.

बांधाच्या पलीकडे फ्रीसलँड लागतं. म्हणजे आमच्या डेअरीवर ज्या काळ्या-पांढऱ्या 'एचएफ' गाया दूध घालतात, त्यांचं हे माहेर. रस्त्याकडेच्या कुरणात त्या शेकड्याने चरत होत्या. माय काच खाली करून पाहत राहिली. "बाई गं! एवढ्या हिरवळीवरनं उठून आपल्याकडं कडबा खायला येतेत." तिच्या आवाजात सासुरवाशिणीबद्दलचा खरा कळवळा होता.

*

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं त्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, गरम पाण्याने शेकायचं. अण्णांनी मातीची जोडी गॅलरीत मांडली. लोणी दुकानातून आणलं होतं, देशी-विदेशी असा वाद त्यांनी घातला नाही. दोन बोटांनी दोन्ही बैलांचे तीळभर खांदे चोळले, आणि मायने वाटीत ज्वारीचा ठोंबरा ठेवला. ज्वारी ॲमस्टलवेनमध्ये मिळते. हे कळल्यापासून अण्णांचं नेदरलँड्सबद्दल मत सुधारलं होतं.

दाजींनी सोमवारची रजा मागितली. कारण काय, असं वरिष्ठांनी विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं : बैलांचा सण. तुझ्याकडे बैल आहेत का? नाहीत. मग? "सासरे आहेत." रजा मिळाली.

सोमवारी सकाळी ताईच्या बैठकीत लग्न लागलं. आमच्याकडे पोळ्याला मारुतीच्या देवळापुढे बैल उभे करून मंगलाष्टकं म्हणतात, अक्षता टाकतात. इथे मारुती फोनच्या पडद्यावर होता आणि बैल टीपॉयवर. ताईच्या मित्रमंडळींतली चार कुटुंबं आली होती, एक कोल्हापूरची, एक डोंबिवलीची, दोन पुण्याची. पुण्याच्यांनी पोळा फक्त शाळेतल्या निबंधात केला होता. त्यांच्या मुलांनी विचारलं की नवरी कुठे आहे. अण्णा म्हणाले, "लग्न लागतं, नवरी नसते. म्हणून तर बैल वरीसभर निमूट राबतो." माय आतून म्हणाली, "ऐकू आलं मला."

दुपारी फोन आला. तिकडे संध्याकाळ झालेली. गावी राहिलेल्या धाकट्या भावाचा आवाज पावसात बुडालेला. १ आणि २ सप्टेंबरला मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला ते पुढे सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. आम्ही ते त्या पाच इंची पडद्यावर पाहिलं.

"अण्णा, ओढ्याला पूर आलाय. बैलं वेशीत नेलीच न्हाईत कोणी. गोठ्यातच ओवाळलं."

"पोळी खाल्ली का?"

"सोन्यानं चार खाल्ल्या. मोऱ्या तुम्हाला हुडकायलाय."

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग : "हिर?"

"तुडुंब."

"शेततळं?"

"वरून वाहायलंय."

"कपाशी?"

"पाण्यात."

अण्णा पडद्याकडे पाहत राहिले. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली, ते नेमकं पोळ्याच्या दिवशी, ते घरी नसताना आणि कपाशी पात्या-फुलांत असताना आलं होतं. "आरं," ते अखेर म्हणाले, "इथं पाणी उपसायचं यंत्र पैशाला पासरी हाय. येताना एखादं घेऊन येऊ का?"

*

मातीच्या बैलांवर भागणार नाही हे ताईला माहीत होतं. तिने गावाबाहेरच्या एका गोठ्यात वेळ घेऊन ठेवली होती. 'कू क्नुफेलन' म्हणतात त्याला. म्हणजे गायीला मिठी मारून बसायचं. शहरातली दमलेली, चिंतेने पोखरलेली माणसं पैसे भरून येतात, गायीला टेकून पडतात. तिचं अंग आपल्यापेक्षा उबदार, काळजाचे ठोके संथ, त्याने माणसाचं मन निवतं, असं सांगतात. दर साधारण पन्नास युरो.

ताईने ही सगळी माहिती देताना दर सांगितला नव्हता. तो अण्णांनी फलकावर वाचला, दाजींकडून रुपयांत करून घेतला, आणि साडेचार हजार हा आकडा तीनदा उच्चारला.

गोठा आमच्या घरापेक्षा स्वच्छ होता. पेंढ्यावर एक धिप्पाड गाय बसलेली, आणि तिच्या पोटाला टेकून एक तरुण जोडपं डोळे मिटून निपचित पडलेलं.

"मेलेत का?" अण्णांनी विचारलं.

"नाही, अण्णा. त्यांना बरं वाटतंय."

"पैशे देऊन?"

"हो."

"मी पन्नास वर्सं गोठ्यात काढली. मग माझं किती येणं निघतं?"

गोठ्याची मालकीण साठीकडे झुकलेली, रबरी बूट घातलेली, भक्कम बाई होती. हळू जा, बोलू नका, गायीला वाटलं तर ती जवळ येईल, अशा सूचना तिने दिल्या. अण्णा ऐकत नव्हते. ते सरळ एका गायीपाशी गेले, मानेखाली हात घातला आणि खाजवायला लागले. अण्णा कसे खाजवतात ते मी सोन्या-मोऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. त्या गायीने मान लांब केली, डोळे अर्धे मिटले आणि खालचा ओठ सोडून दिला. दुसरी आली. तिसरी आली. मग पेंढ्यावर बसलेली ती धिप्पाड गाय सावकाश उठून अण्णांच्या दिशेने निघाली, आणि मन:शांती मिळवत पडलेलं ते जोडपं पेंढ्यावर उताणं झालं.

इथवर सगळं झकास. पुढे पूजेची वेळ आली आणि अण्णांनी गाठोडं सोडलं. गोंडे हातात घेतले आणि थबकले.

"हिची शिंगं कुठंयत?"

मालकिणीने सांगितलं की वासरं लहान असतानाच शिंगांचे कोंब काढून टाकतात, म्हणजे एकमेकांना इजा होत नाही. अण्णांनी हिंगुळाची पुडी परत बांधली. मग बैल दाखवा म्हणाले. बैल नव्हता. शीतपेटीतून कांडी येते, तेवढंच काम. कानात मात्र पिवळे बिल्ले होते. ते पाहून अण्णांना जरा आपलेपणा वाटला, कारण आमच्या बैलांनाही कानात आधारचा बारा आकडी बिल्ला आहे. "शिंग न्हाई, वशिंड न्हाई, बैल न्हाई. पोळा करायचा कोणाचा?"

माय इतका वेळ भिंतीला टेकून हे पाहत होती. ती म्हणाली, "राबतं कोण ते विचारा."

विचारलं. दूध काढतं ते एक यंत्र; गाय स्वतः त्याच्यापुढे जाऊन उभी राहते. दुसरं एक गोलमटोल यंत्र दिवसरात्र गोठ्याला फेऱ्या घालून गायींनी विस्कटलेला चारा परत पुढे सारतं. आणि बाहेर ट्रॅक्टर.

"मग झालं तर," माय म्हणाली, आणि ताट घेऊन निघाली.

गोंडे ट्रॅक्टरच्या दोन्ही आरशांना बांधले. बेगड दिव्यांवर. नवा कासरा पुढच्या हुकात. दूध काढणाऱ्या यंत्राला कुंकू लावायला मालकिणीने आधी नकार दिला, स्वच्छतेचे नियम कडक असतात. मग बाहेरच्या बटणांच्या पेटीवर चालेल म्हणाली. तिथे माय अदबीने ओवाळून आली. राहिली घुंगरमाळ. ती अण्णांनी चारा सारणाऱ्या यंत्राला गुंडाळली. ते आपल्या ठरल्या वेळेला जागं झालं आणि छुमछुम करत गोठ्याच्या फेरीला निघालं. सगळ्या गायींनी माना वर केल्या. पोळा फुटला असं म्हणायला हरकत नव्हती.

नैवेद्याला मात्र कायदा आडवा आला. घरच्या स्वयंपाकघरातलं अन्न जनावराला घालायचं नाही, अशी युरोपात बंदी आहे. पुरणपोळ्यांची चळत घेऊन माय उभी, पुढे गायी उभ्या, दोघींच्या मध्ये युरोपीय संघ. मालकीणबाईंना ते अवघडलेपण पाहवेना. त्यांनी एक पोळी स्वतः घेतली. मग दुसरी. चौथीला त्यांनी तूप मागितलं, म्हणजे तुपाकडे बोट केलं. निघताना त्यांनी अण्णांचे पन्नास युरो घेतले नाहीत. उलट ताईमार्फत विचारलं की शनिवार-रविवारी, गिऱ्हाइकांची गर्दी असते तेव्हा, हे गृहस्थ येऊ शकतील का.

"रोज किती देतीय?" अण्णांनी विचारलं. दाजींनी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. त्या व्हिसावर रोजंदारी चालत नाही.

रात्री पिठोरीची पूजा. माय दिवसभर उपाशी होती. खिरीचं वाण डोक्यावर धरून, लेकरांकडे पाठ करून तिने रीतीप्रमाणे विचारलं, "अतिथ कोण?" नातवाने आपलं नाव सांगायचं होतं. तो सहा वर्षांचा; त्याला शाळेत शिकवलंय की अनोळखी पाहुणा म्हटलं की आधी खात्री करायची. तो धावत गेला, दारावरच्या घंटीच्या कॅमेऱ्यात बघून आला आणि म्हणाला, "आजी, दारात कोणीच नाही." मायचे हात भरून आले होते. शेवटी चाळिशीतली ताईच पुढे होऊन म्हणाली, "मी हाय, माय."

*

गणपती नीट झाले. त्यांचं सगळीकडेच नीट होतं, त्यांच्याबद्दल वेगळं लिहीत नाही. फक्त शेजारच्या आजी डायरीत लिहिल्याप्रमाणे दुपारी दोनच्या ठोक्याला हजर झाल्या, पोळ्याच्या जेवणाला. आणि मायने पुन्हा पुरण घातलं.

गावी आल्यावर मोऱ्याने तीन दिवस अण्णांकडे पाहिलं नाही. कपाशीचे पंचनामे चालू होते. अण्णांनी परदेशातलं कोणाला फारसं सांगितलं नाही. संडासातल्या कालनिर्णयावर लोकांनी विश्वास ठेवला, समुद्राखालच्या विमानतळावर ठेवला नाही. पण साडेचार हजाराची गोष्ट मायने नदीवर सांगितली आणि ती संध्याकाळच्या आत पारावर पोचली.

पारावर पोरांनी हिशेब मांडला. गावात बैलजोड्या किती, गाया किती, कालवडी धरायच्या का नाही. एकाने मोबाइलवर गुणाकार केला आणि आकडा वाचल्यावर क्षणभर सगळ्यांना कपाशीचा विसर पडला. एक म्हणाला, समृद्धी महामार्ग इथून जातो, मुंबईची माणसं थेट येतील. दुसरा म्हणाला, फलक लावू, 'मन:शांती, पार्किंगची सोय'. मग मोठा वाद लागला तो म्हशींवरून. म्हैस अंगाने मोठी, टेकायला जागा जास्त, तेव्हा तिचा दर गायीपेक्षा चढा असावा, असं म्हशीवाल्यांचं म्हणणं. गायवाले तयार होईनात. प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, अण्णांना विचारा, त्यांनी तिकडं पाहिलंय.

अण्णांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"दराचं मागून बघू," ते म्हणाले. "आधी म्हशीला विचारून या."